पिगरी कुणाला?

इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो. त्या जोडून आलेल्या सुट्टीचं काय करायचं याची चर्चा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्चअखेर तिचा जीव जातो. मधेच कुणीतरी पोल टाकतं. समुद्र, डोंगर आणि 'काहीही चालेल' असे तीन पर्याय असतात, आणि 'काहीही चालेल' प्रचंड बहुमताने निवडून येतं. मग ज्याला खरोखर काहीही चालत नाही असा एखादा गृहस्थ पुढे सरसावतो आणि परस्पर बुकिंग करून मोकळा होतो. आमच्यात हे पुण्यकर्म रेडिंगकरांकडे आहे.

रेडिंगकर हे त्यांचं आडनाव नव्हे. पण ग्रुपमध्ये कुलकर्णी आणि पाटील इतके झालेत, की एका हाकेला चार जण 'ओ' देतात. म्हणून राहत्या गावावरून एक रेडिंगकर, एक स्लाउकर, मिल्टन कीन्सचे ते मिल्टनकर आणि आम्ही हॅरोकर. तर रेडिंगकरांनी लिंक टाकली. सफक परगण्यातला सतराव्या शतकातला बार्न, अठरा जणांच्या झोपण्याची सोय, हॉट टब, कुत्रा चालेल. आमच्यापैकी कुणाकडेही कुत्रा नाही. तरी 'कुत्रा चालेल' वाचून दोघांनी आनंदाने अंगठे दाखवले. फोटोत उंचच उंच छप्पर होतं, खुर्चीवर मेंढीचं कातडं होतं आणि लांबलचक टेबलावर लिंबांनी भरलेली वाटी होती. या देशात भाड्याने द्यायच्या घराचा फोटो लिंबांशिवाय काढायला बंदी असावी. प्रत्यक्ष गेल्यावर वाटी असते.

भाड्याचा आकडा मी इथे लिहीत नाही. वाचकांमध्ये शेतकरीही असतात, आणि आपलं कोठार नक्की कशासाठी वापरायचं याबद्दल त्यांच्या मनात नसत्या शंका यायच्या.

स्लाउकरांच्या आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या होत्या. मूळ गाव माण तालुक्यात, म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला. 'बार्न म्हणजे काय गं?' असं त्यांनी नातीला विचारलं. नातीने आपल्या मराठीच्या साठ्यातून शोधून 'गोठा' हा शब्द काढून दिला. आजींनी विचारलं, 'शेणाचा वास येतो का?' नाही म्हटल्यावर 'मग कसला गोठा,' म्हणून त्या ज्वारीचं पीठ डब्यात भरायला लागल्या.

आजींचं बरोबर होतं. बार्न म्हणजे गोठा नव्हेच. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत पावसाची धास्ती नसते, म्हणून खळं उघड्यावर. जमीन चोपायची, शेणाने सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा, बैलांच्या तोंडाला मुसक्या बांधून पात धरायची की मळणी सुरू. इंग्लंडात गहू कापून घरात येईस्तोवर आभाळ कधी फाटेल सांगता येत नाही. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याने खळ्यावरच छप्पर घातलं. मधल्या खणात मळणीची फळ्यांची जमीन, दोन्ही अंगांना छपरापर्यंत पेंढ्या रचायला जागा, आणि समोरासमोर दोन मोठाली दारं. भरलेली गाडी एका दाराने आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्या दाराने जायची. हिवाळाभर मजूर कातड्याच्या वादीने जोडलेल्या दोन काठ्यांनी कणसं बडवत बसायचे. मग दोन्ही दारं सताड उघडायची, वारा आरपार सोडायचा आणि धान्य उफणायचं. म्हणजे ही इमारत जी बांधली ती वारा आत घ्यायला. ज्यांना त्यात तीन रात्री झोपायचं आहे त्यांनी ही गोष्ट बुकिंगच्या आधी समजून घेतलेली बरी.

पुढे मळणीयंत्र आलं आणि मजुरांचं हिवाळ्यातलं कामच गेलं. 1830 साली केंटपासून यंत्रं फोडायचं लोण पसरलं. 'कॅप्टन स्विंग' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या पुढाऱ्याच्या सहीने शेतमालकांना धमकीची पत्रं जायची. काहींना फाशी झाली, शेकडो लोकांची ऑस्ट्रेलियाला रवानगी झाली आणि यंत्रं राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्बाइन हार्वेस्टर आले, ते तर या दारांतून आतसुद्धा शिरेनात. बार्न ओस पडले. मग शहरातल्या लोकांना त्यांच्यात सौंदर्य दिसू लागलं. जागा रिकामी झाल्याशिवाय ते दिसत नाही, हे आपल्याकडच्या गिरण्यांच्या बाबतीतही आपण पाहिलं आहेच.

घराच्या मालकीणबाईंनी आमच्यासाठी एक जाडजूड फाइल ठेवली होती. अर्धी नियमांची आणि अर्धी इतिहासाची. इतिहासात म्हटलं होतं, की हा 'टाइद बार्न' आहे. टाइद म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देणं. आपल्या सरदेशमुखीचा दरही तोच, दहा टक्के. फक्त इकडे तो पाद्रीबुवा घेत आणि गव्हाच्या पेंढ्याच घेत, अगदी 1836 च्या कायद्याने त्याची रोकड होईपर्यंत. पण ही टाइदची कोठारं अवाढव्य असत. मला लंडनजवळचा हार्मंड्सवर्थचा बार्न माहीत आहे. हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या गडगडाटात तो 1426-27 पासून उभा आहे, लांबी 192 फूट. कवी जॉन बेट्जमननी त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. आणि तोसुद्धा टाइदचा नव्हे, जहागिरीच्या स्वतःच्या धान्याचा. आमचा बार्न पाच खणी, एका बऱ्यापैकी शेतकऱ्याचा. पण इंग्लंडात कुठल्याही जुन्या बार्नला टाइद बार्न म्हणायचं आणि त्याचं लाकूड 1588 साली फुटलेल्या स्पॅनिश आर्माडाच्या जहाजांचं आहे असं सांगायचं, असा रिवाज आहे. खांबाला जुन्या सांध्याची रिकामी खाच दिसली की झालं जहाज. खरं म्हणजे ते बहुतेक वेळा आधीच्या पडक्या घराचं लाकूड असतं. आम्हाला याचं काही वाटलं नाही. आपल्याकडे प्रत्येक वाड्यातून एक भुयार निघतं आणि ते थेट किल्ल्यात उघडतं.

खरी लढाई खोल्यांवरून झाली. प्रत्येक दारावर खोलीचं नाव रंगवलेली पाटी होती. द हेलॉफ्ट, द ग्रॅनरी, द काफ पेन, आणि अंगणापलीकडे वेगळी, विटांची, बुटकी अशी द पिगरी. मूळ इमारत कशासाठी होती ते लपवायचं नाही, उलट मिरवायचं, ही इथली फॅशन आहे. चिठ्ठ्या टाकल्या. हेलॉफ्ट रेडिंगकरांना गेली आणि चिठ्ठ्याही त्यांनीच केलेल्या असल्यामुळे थोडी कुजबुज झाली. काफ पेनमध्ये सगळी पोरं, एकावर एक खाटांवर. पिगरी निघाली मिल्टनकरांच्या नावाने.

मिल्टनकर वहिनी श्रावण पाळतात. कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या लग्नाला वीसेक वर्षं झालेली असल्यामुळे बोलायची गरज पडली नाही.

'वहिनी, अहो, मान आहे तो,' रेडिंगकर म्हणाले. 'यॉर्कशायरमध्ये रॉबिन हूड्स बे गावाजवळ एका जमीनदाराने दोन डुकरांसाठी ग्रीक देवळासारखं घर बांधलं होतं. खांब-बिंब सगळं. लँडमार्क ट्रस्ट आता ते भाड्याने देतो. लोक नंबर लावून राहतात!'

हे अक्षरशः खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं ते देऊळवजा खुराडं अजून आहे आणि त्यात दोघांना झोपता येतं. पण श्रावणात ऐकवण्यासारखी ही माहिती नव्हती. 'तुम्ही घ्या ना मग मान,' वहिनी म्हणाल्या. रेडिंगकरांना तेवढ्यात गाडीतली एक पिशवी आठवली.

पिगरीचा विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं. मिल्टनकरांनी बॅगा अंगणापार नेल्या, दाराच्या बुटक्या चौकटीला डोकं आपटलं आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या कडीचं मोल आम्हाला रात्री कळलं.

त्याचं असं आहे. इंग्लंडात जुन्या इमारतींची सरकारी यादी असते. आमचा बार्न तीत ग्रेड टू होता, आणि यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टूच असतात, त्यामुळे फार शेफारून जायचं कारण नाही. पण यादीत नाव लागलं की मालकाचे हात बांधले जातात. बार्नचं वैशिष्ट्य काय, तर आतली सलग, छपरापर्यंतची पोकळी. ती जपलीच पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा आग्रह. तेव्हा आत खोल्या करायच्या तर जपून करा, भिंती थेट छपराला भिडवू नका, खिडक्या पाडू नका, खांब झाकू नका. (पुण्यात आम्ही पेशवाईतला वाडा पाडून तिथे सहा मजले चढवतो आणि इमारतीला 'अमुक वाडा' नाव देऊन इतिहास जपतो. इकडे धान्याच्या कोठारात एक भिंत घालायची तर तीन समित्यांना विचारायचं.) परिणाम असा, की हेलॉफ्ट म्हणजे छपराखालचा एक माळा, पुढून कठड्यापुरता. ग्रॅनरीच्या भिंती डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबलेल्या. वर सगळ्यांची हवा एक आणि सगळ्यांचा आवाज एक.

स्लाउकर साडेदहाला झोपले. दहा पस्तीसला संपूर्ण वास्तूला ते कळलं. ओकच्या तुळयांवर त्यांचं घोरणं जाऊन आदळायचं आणि चारी कोपऱ्यांत वाटलं जायचं. मधे क्षणभर खंड पडला की पलीकडून कुजबुजलेलं वाक्य स्पष्ट ऐकू यायचं. माझ्या शेजारच्या भिंतीआडून एक नवरा-बायको आमच्या कोशिंबिरीबद्दल बोलत होते. हळू आवाजात, सद्भावनेने, पण बोलत होते. मी हिला विचारलं, 'ऐकलंस?' त्यावर पलीकडचे दोघे गप्प झाले. म्हणजे त्यांनीही ऐकलं. वर हेलॉफ्टमधून रेडिंगकरांचा आवाज आला, 'लाइट कुणाचा चालू आहे?' आणि स्लाउकर घोरतच होते.

हीटिंग उत्तम होतं. जमिनीखालून नळ्या टाकलेल्या. पण गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं तत्त्व इथे तीस फूट उंचीपर्यंत पाहायला मिळतं. सगळी ऊब आढ्याला जाऊन बसायची, आणि आढ्याला वटवाघळं होती. फाइलमध्ये त्यांच्यावर एक पूर्ण पान होतं. 1981 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांना मुद्दाम हुसकणं गुन्हा आहे, कृपया त्यांच्या शांततेचा भंग करू नये. आमच्या शांततेवर कुठलंही पान नव्हतं. आजींनी विचारलं, 'यांच्याकडून भाडं किती घेतात?' काहीच घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वर बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मत्सर होता असं मी म्हणणार नाही, पण आदर होता.

सकाळी उठून आम्ही जेवणघरात जमलो. जेवणघर म्हणजे मळणीचा मधला खण. तिथली ती दोन अजस्र दारं आता नाहीत, त्या जागी खालपासून वरपर्यंत काच आहे. अशी काच टाकली की बाहेरून जुन्या दाराच्या उंचीचा अंदाज येतो, म्हणून ही पद्धत पडली आहे. बाहेरून आतलाही सगळा अंदाज येतो, ही बाब वेगळी. या देशात शेतांमधून सार्वजनिक पायवाटा जातात. तुमची जमीन असो, चालायचा हक्क सगळ्यांचा. आमच्या काचेपासून वीस पावलांवर अशी एक वाट होती. सकाळी आठ वाजता हिरव्या बुटांतलं एक वयस्क जोडपं कुत्रा घेऊन जाताना थांबलं. काचेच्या आत उजेडात, बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात, दात घासत घासत मिल्टनकरांना कॉफीचं माप सांगणारे स्लाउकर होते. आजी सोफ्यावर मांडी घालून पोथी वाचत होत्या. कुणीतरी एक पोरगं उघडंच फिरत होतं. जोडप्याने हात हलवला. स्लाउकरांनी ब्रश हलवला. ब्रिटिश सभ्यता अशी, की पुन्हा आत न पाहता ते 'लव्हली मॉर्निंग' म्हणून पुढे गेले, आणि कुत्रा मात्र खेचूनसुद्धा हलेना.

मग फोडणीचं प्रकरण झालं. पोह्यांसाठी मोहरी टाकली, मिरची टाकली, आणि कुठूनतरी भोंगा सुरू झाला. एवढ्या मोठ्या भाड्याच्या घरात धुराचे सगळे भोंगे एकमेकांना जोडलेले असतात. एकाला ठसका लागला की सगळे बोंबलतात. घरी आपण स्टुलावर चढून त्याच्यासमोर टॉवेल हलवतो. इथे तो भोंगा तुळईवर, एकदीड मजला उंच. तरी मराठी माणूस टॉवेल हलवायचा सोडत नाही. क्रिकेटमधल्या चिअरलीडर्सच्या जोशात तीन पुरुष खालून टॉवेल फडकवत होते. वटवाघळांच्या शांततेचा काय भंग झाला असेल तो असो. अखेर रेडिंगकरांनी फाइल वाचून पॅनेलचा आकडा शोधला. आजींनी दोन्ही बाजूंच्या काचेतली दारं उघडायला लावली. समोरासमोरची दारं उघडताच वारा असा आरपार घुसला, की अर्ध्या मिनिटात धूर बाहेर, आणि त्याबरोबर पेपर नॅपकिन, बिलं, पत्त्यांचा कॅट आणि वहिनींच्या व्रताच्या पुस्तकाची पानंही. 'उफणायचं खळं आहे हे,' आजी म्हणाल्या. 'वावडी इथं ठेवत असणार.' आणि बरोबर त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. फाइलमधल्या नकाशात मळणीची जमीन नेमकी तिथेच दाखवली होती. सकाळभर आम्ही अंगणातून भुसकट वेचत होतो, म्हणजे नॅपकिन.

चुलीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. ओतीव लोखंडाची आगा. रात्रंदिवस तापलेली, ना बटण ना ज्योत, नुसत्या झाकणाखाली दोन जाड तबकड्या. ती शोधणारे गुस्ताफ दालेन हे स्वीडनचे शास्त्रज्ञ. 1912 साली प्रयोगाच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले, त्याच वर्षी त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, आणि घरी बसल्या बसल्या 1922 मध्ये त्यांनी ही चूल काढली. आजींना नोबेलचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी तबकडीवर पाण्याचे दोन थेंब शिंपडले, ते नाचत उडाले तसा ज्वारीच्या पिठाला हात घातला. तवा मागितलाच नाही. थापलेली भाकरी सरळ त्या लोखंडावर टाकली, वरून पाणी फिरवलं, पालटली, कडेने फडक्याने दाबत गोल फिरवली. मधे एक फुगवटा उठला आणि सरकत सरकत काठापर्यंत गेला. आम्ही सगळे भोवती उभे होतो. स्वीडनच्या चुलीवर, सफकच्या खळ्यात, माणची भाकरी. पहिली कुणी खायची यावरून जो प्रसंग उद्भवला तो मी लिहीत नाही. त्यात लहान मुलं नव्हती एवढंच सांगतो.

दुपारी मालकीणबाई स्वतः येऊन इमारत दाखवून गेल्या. बाई हौशी. खांबांवर सुताराने छिन्नीने कोरलेले रोमन आकडे त्यांनी दाखवले. सगळा सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवून बघत, मग सुटा करून इथे आणून उभारत, म्हणून कुठला वासा कुठे याच्या खुणा. चार हा आकडा सरळ चार दांड्यांचा, कारण उलटं लाकूड हातात आलं तर घोटाळा नको. वर त्रिकोणी भिंतीत घुबडासाठी मुद्दाम ठेवलेलं भोक होतं. घुबड आत आलं की उंदरांची चिंता नाही. शेतकऱ्याने घुबडाला आमंत्रण देऊन दार ठेवावं, हे ऐकून मिल्टनकर वहिनींनी पदर सावरला.

मग दाराच्या खांबावर बाईंनी टॉर्च आडवा धरला. उघड्या उजेडात काही दिसत नव्हतं. तिरक्या झोतात मात्र लाकडावर कर्कटकाने कोरलेलं एक सहा पाकळ्यांचं फूल उमटलं, तळहाताएवढं, गोलात नेमकं बसवलेलं. चेटूक आत येऊ नये म्हणून जुने लोक अशी फुलं दाराशी कोरत, असं बाई म्हणाल्या आणि आम्हा सुशिक्षित लोकांसाठी त्यांनी 'फोक बिलीफ' असा एक शब्दही दिला. आजींना भाषांतराची गरजच पडली नाही. 'धान्याला दृष्ट लागू नये म्हणून,' त्या म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी सोडून कुंकवाची डबी काढली.

रेडिंगकर ओरडले. एरवी गंभीर माणूस, पण त्या वेळी त्यांचा आवाज घुबडाच्या भोकापर्यंत गेला असेल. 'आजी, नको! लिस्टेड आहे!'

यादीतल्या वास्तूच्या स्वरूपाला बाधा येईल असा बदल परवानगीशिवाय करणं हा इंग्लंडात फौजदारी गुन्हा आहे. बोटभर कुंकू त्यात बसतं की नाही हे मला सांगता येणार नाही. पण सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, माण तालुक्यातल्या बाईवर सतराव्या शतकातल्या खांबाला कुंकू लावल्याचा खटला, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे तरळलं असावं. आजी बोटावर कुंकू घेऊन तशाच थांबल्या. मालकीणबाईंनी विचारलं, काय म्हणताहेत? नातीने सांगितलं. बाई थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, खांबाला नको, पण मला लावलं तर चालेल का? आजींनी लावलं. बाई तशाच कुंकू लावून शेजारच्या गावी फ्लॉवर शोला गेल्या.

संध्याकाळी हॉट टब. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मराठी पुरुष गरम पाण्यात बसला की दहा मिनिटांत राजकारणावर येतो आणि वीस मिनिटांत घरांच्या किमतींवर. 'उकळायला ठेवलंय सगळ्यांना,' एवढं बोलून आजी पत्ते खेळायला आत गेल्या. मेंढीकोटात त्या लबाडी करतात. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

रात्री दहानंतर बाहेर आवाज करायचा नाही, हा नियम होता, म्हणून डम शराज खेळलो. बिनआवाजाचा खेळ म्हणून निवडलेला. नऊ पस्तीसला 'पिंजरा' आणि 'सिंहासन' यावरून जो गोंगाट झाला तो ऐकून पायवाटेवरून कुणीतरी टॉर्च मारून गेलं.

आणि मग हिशेब. हिशेबाचं अ‍ॅप होतं, पण अ‍ॅपला माणसं कळत नाहीत. शाकाहाऱ्यांनी बार्बेक्यूच्या कोंबडीचे पैसे का द्यावेत? मग मांसाहाऱ्यांनी पनीरचे का द्यावेत? लहान मूल म्हणजे अर्धं माणूस की पाव? दीड वर्षाचं मूल अ‍ॅपमध्ये कुणी टाकलं? पिगरीत राहिलेल्यांना सूट मिळावी, असा ठराव दयाबुद्धीने रेडिंगकरांनीच मांडला. आजी म्हणाल्या, 'आमच्याकडे खळ्यावर सुतार, लोहार, न्हावी, कुंभार सगळे यायचे. ज्याचं त्याचं बलुतं पाटीने मोजून द्यायचं. त्यातही भांडणं व्हायचीच, पण रास समोर दिसायची.' आमच्यासमोर फोनचे बारा पडदे होते. माणसं खळ्यावर आली की मळली जातात, दाणा कुठला आणि भूस कुठलं ते तिथे कळतं, असं मला त्या वेळी वाटून गेलं. आणि ग्रॅनरीतल्या कोशिंबीरवाल्यांकडे मी मुद्दाम पाहिलं.

पण ठरावावर मतदान होण्याआधी मिल्टनकर वहिनी उठल्या. तीन दिवसांत आम्हा सगळ्यांचे डोळे सुजले होते. रेडिंगकर बोलता बोलता पेंगत होते. वहिनींचा चेहरा मात्र आळंदीहून आल्यासारखा टवटवीत. 'सूट कशाला?' त्या म्हणाल्या. 'आमचं छान चाललंय. विटांच्या भिंती थेट छपरापर्यंत आहेत. छप्पर बुटकं, त्यामुळे ऊब खालीच राहते. दाराला कडी आहे. पायवाट मागच्या बाजूला. भाऊजींचं घोरणं ऐकू येत नाही.' स्लाउकर म्हणाले, 'मी घोरतो?' यावर सभा बराच वेळ शांत राहिली.

मग मिल्टनकरांनी, म्हणजे नवऱ्याने, तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं मत मांडलं. ते इंजिनिअर आहेत. म्हणाले, 'साधी गोष्ट आहे. बार्न धान्यासाठी बांधला. ग्रॅनरी धान्यासाठी. हेलॉफ्ट चाऱ्यासाठी. या आख्ख्या आवारात, मुलांची काफ पेन सोडली, तर जिवंत प्राण्याने आरामात झोपावं म्हणून बांधलेली जागा एकच आहे.'

यापुढे वादाला काही उरलं नाही. ठराव बारगळला, उलट पिगरीवर जादा आकार लावावा अशी उपसूचना आली. सोमवारी सकाळी दहाला किल्ली पेटीत टाकायची होती, ती आम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी टाकली. पुढच्या ऑगस्टसाठी त्याच बार्नचं बुकिंग झालं आहे. या वेळी पोल घ्यायची गरज पडली नाही. फक्त पिगरीसाठी ग्रुपवर पाच अर्ज आलेत, त्यातला एक स्लाउकरांचा आहे आणि तो फेटाळावा असं सगळ्यांचं मत पडलं आहे.

तेव्हा तुम्हीही चार कुटुंबं मिळून अशा कुठल्या ऐतिहासिक बार्नमध्ये जाणार असाल, तर जरूर जा. हॉट टबचा आकार विचारू नका, लिंबांच्या फोटोला भुलू नका. मालकाला फोन करून एवढंच विचारा, की झोपायच्या खोलीची भिंत छपराला टेकते का? नाही म्हणाला, तर पूर्वी डुकरं कुठे झोपायची ते विचारून घ्या आणि चिठ्ठ्या टाकायच्या आत ती खोली आपल्या नावावर करून टाका.